प्रवासाचा संथ फाशांचा खेळ नवख्यांसोबत : वाटेवर घडवायचं काय?

पायरस्ता

मंडळी, एक अडचण घेऊन आलोय.

टेबलटॉप आरपीजी, म्हणजे फाशांचे कथाखेळ, मी सहा वर्षं खेळतोय, पण खेळाडू म्हणून. गेल्या रविवारी पहिल्यांदा जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, झालो आणि पहिलंच टेबल पूर्ण नवख्यांचं मिळालं. माझी मावशी (वय ६३), तिची नात (११), माझी बायको आणि खालच्या मजल्यावरचे काका. काका एसटीत चालक होते, आता निवृत्त आहेत.

मारामारीचा खेळ त्यांना नको होता, मलाही नको होता. म्हणून 'ऱ्यूतामा' घेतला. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात : आत्सुहिरो ओकादा यांनी केलेला हा जपानी खेळ २००७ साली आला, पुढे इंग्रजीतही झाला. पात्रं शूरवीर नसतात. शेतकरी, व्यापारी, वैद्य, कारागीर, शिकारी, गाणारा फिरस्ता, फार तर एखाद्या बड्या घराण्यातलं कोणी. त्या जगात प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी लांबच्या प्रवासाला निघतो, एवढंच निमित्त. मग वाट, पाऊस, शिधा, मुक्काम. अशा ऊबदार, मन निवणाऱ्या गोष्टींना जपानीत 'होनोबोनो' म्हणतात, आणि मला तेच हवं होतं.

सुरुवात सुंदर झाली. पहिलं गाव सगळ्यांनी मिळून रचायचं असतं. नात म्हणाली, या गावात मांजरांना नद्यांची नावं देतात. मावशी म्हणाली, इथली विहीर वर्षातून एकदा उपसतात आणि त्या दिवशी गावात कोणी खोटं बोलत नाही. मी थक्क होऊन लिहून घेत होतो.

मग वाटेला लागलो आणि सगळं सपाट झालं. रोज चार वेळा फासे : सकाळी तब्येत, मग चाल, मग दिशा, रात्री मुक्काम. फासे पडले की मी 'जमलं' किंवा 'नाही जमलं' म्हणायचो, की पुढचा. दुसरा आणि तिसरा दिवस डोंगरवाट होती, तिथे बहुतेकांचं 'नाही जमलं'च झालं. तिसऱ्या दिवशी मावशीने विचारलं, "अरे, पण यात आम्ही काय करायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढचं सेशन येत्या रविवारी आहे. रोज एखादं संकट घालू का? राक्षस आणू? की हा खेळच चुकीचा निवडला?

---

दगडफूल

खेळ चुकीचा नाही. विहिरीची कल्पना सुचलेल्या बाई तुमच्या टेबलावर आहेत, त्यांना वाटेवरही तसंच विचारा की!

---

तिन्हीसांज

मी हा खेळ तीन वेगवेगळ्या नवख्या गटांबरोबर घेतलाय आणि पहिल्या वेळी माझंही अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

गाव रचताना तुम्ही प्रश्न विचारत होतात आणि ते सांगत होते. वाटेवर आल्यावर तुम्ही सांगायला लागलात आणि ते ऐकायला. फासा पडला की गोष्ट जीएमकडे जाते, असं आपल्याला दुसऱ्या खेळांमुळे वाटतं. इथे फासा पडला की गोष्ट फासा टाकणाऱ्याकडेच ठेवा.

चालीचा फासा कमी पडला आणि जीव निम्म्यावर आला, की 'तुझा जीव निम्मा' म्हणून थांबू नका. विचारा, "आज तुला कशाने दमवलं?" माझ्या टेबलावर एक शाळेतल्या बाई होत्या, एकदम अबोल. त्या म्हणाल्या, "मी सगळ्यांच्या मागे राहिले, कारण पुढे चाललं की सगळे माझ्याशी बोलायला बघतात." त्यानंतर दोन तास कोणी फाशांकडे बघितलंसुद्धा नाही.

सकाळच्या तब्येतीच्या फाशालाही तेच. दहा किंवा जास्त आले तर त्या दिवसापुरता ताकद-चपळाईसारखा एक गुण एक पायरी वर जातो, म्हणजे त्याचा चार बाजूंचा फासा सहा बाजूंचा होतो. मी विचारते, "आज कशामुळे इतकं बरं वाटतंय?" कोणी म्हणतं स्वप्न पडलं, कोणी म्हणतं काल पोटभर जेवलो. अकरा वर्षांच्या मुलीला याच्यापेक्षा सोपा प्रश्न कुठला?

मात्र चारही फाशांना चारही जणांना विचारत बसू नका, रात्र होईल. दिवसाला दोघांना विचारा, बाकीच्यांचे फासे भरभर उरका. दुसऱ्या दिवशी उरलेले दोघे.

---

रणशिंग

मी वेगळं मत मांडतो. प्रश्न विचारून गप्पा होतील, पण खेळ होईलच असं नाही. कोणाचं काहीतरी पणाला लागल्याशिवाय माणूस पुढे सरसावून बसत नाही. एक छोटी लढत घालाच. या खेळातल्या लढाईची एक गंमत आहे : सुरुवातीला सगळ्यांनी मिळून ठरवायचं की या जागेत काय काय आहे. मोडकी बैलगाडी, वाळत घातलेली चादर, मधमाश्यांचं पोळं. मग लढताना त्यातली एखादी वस्तू कशी वापरली ते सांगितलं की फाशाला एक जास्त मिळतो. नवख्यांना हे फार आवडतं. नात पोळ्यावर दगड मारेल, बघा.

---

तिन्हीसांज

@रणशिंग, वस्तूंचा तो नियम मलाही फार आवडतो. पण तो लढाईसाठी राखून का ठेवायचा? मी मुक्कामाला वापरते. तंबू ठोकायच्या जागी काय काय आहे ते सगळ्यांनी सांगायचं, मग मुक्कामाचा फासा टाकणाऱ्याने त्यातलं एक वापरायचं. नियमात नाही हे, माझी भर आहे.

---

रणशिंग

हे चांगलं आहे, उचलतो. तरीही पूर्ण सेशनमध्ये एकही धोका नको हे मला पटत नाही. धोका म्हणजे राक्षसच असं नाही. आजारी बैल, वाढलेलं पाणी, हेही चालेल.

---

गुणाकार

मी आकड्यांचा माणूस आहे, तर आधी हे बघा. तुम्ही दुसऱ्याच दिवशी डोंगर घातलात, अर्धं दुखणं तिथे आहे.

या खेळात दोन गुणांचे दोन फासे टाकून बेरीज करायची आणि भूभागाचा आकडा गाठायचा. गवताळ माळ ६, जंगल ८, डोंगर १०. पाऊस असेल तर त्यावर १. चालीसाठी ताकद आणि चपळाई. दोन्ही सहा-बाजूंचे असतील तर माळावर जमण्याची शक्यता ७२ टक्के, जंगलात ४२, पावसाळी जंगलात २८, डोंगरावर १७. ताकद आठ पण चपळाई चार असलेल्याचं माळावर ६९ टक्के आणि डोंगरावर १९.

म्हणजे डोंगरात पाच-सहा वेळा टाकून एकदा जमतं. नवख्या माणसाने पहिल्याच खेळात सलग दोन दिवस 'नाही जमलं' ऐकलं तर तो गप्पच बसणार. पहिले दोन दिवस माळ, तिसऱ्या दिवशी जंगल ठेवा. डोंगर लांबून दिसू दे.

दुसरं म्हणजे, चित्त एकवटून फाशाला एक जास्त मिळवता येतो, मनःशक्तीचे निम्मे गुण खर्च करून. हे त्यांना सांगितलंत का? नवे लोक विसरतात, आठवण जीएमनेच करायची. आणि भूभागाला साजेसे बूट किंवा पावसाला अंगरखा घेतला असेल तर त्याचाही फाशाला एक जास्त मिळतो. म्हणजे दुकानात घालवलेला वेळ वाटेवर भरून निघतो.

---

पायरस्ता

@गुणाकार, नाही सांगितलं. चित्त एकवटण्याचा नियम मीच विसरलो होतो. आणि डोंगर मला सुंदर वाटला म्हणून घातला. पहिल्याच सेशनला त्यांची दमछाक केली, याचं आता वाईट वाटतंय.

---

सातूपीठ

एक वेगळा प्रश्न. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचा तक्ता, कुठल्या भाषेत होती? इंग्रजीत असेल तर मावशींच्या हातात पहिल्याच मिनिटाला परीक्षेचा कागद आला. आम्ही घरी मराठीत केलीये. ताकद, चपळाई, बुद्धी इथपर्यंत सोपं गेलं. चौथ्या गुणावर, ज्याला इंग्रजीत स्पिरिट म्हटलंय, त्यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. आत्मा म्हटलं तर कीर्तन वाटतं, मनोबल म्हटलं तर सरकारी शिबिर.

---

दगडफूल

हिय्या!

---

खडीसाखर

'हिय्या' छान आहे, पण या गुणावर जादूही चालते आणि तब्येतही. नुसता धीर नाही तो. मला 'जीव' बरा वाटतो.

---

सातूपीठ

'जीव' आम्ही एचपीला, म्हणजे दमल्यावर घटणाऱ्या गुणांना, वापरलाय, म्हणून शेवटी 'मन' ठेवलं. आईला ते लगेच कळलं. "ताकद आणि मन मिळून तब्येत, बरोबरच आहे," म्हणाली.

आता माझं आवडतं. दोन्ही फाशांवर एक-एक आला की फंबल, म्हणजे पार फजिती. पण त्या वेळी सगळ्या खेळाडूंना एकेक फंबल गुण मिळतो आणि तो पुढे कुणालाही आपल्या फाशाला जोर द्यायला वापरता येतो. याला काय म्हणायचं यावर आमच्याकडे एका सेकंदात एकमत झालं : ठेच. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा! नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हीच म्हण आठवली. आता कुणाला ठेच लागली की टेबलावर टाळ्या पडतात.

---

गुणाकार

'ठेच' फारच नेमका शब्द. आणि गणितही तसंच आहे : सहाच्या दोन फाशांवर ठेच छत्तीसातून एकदा लागते, चारच्या दोन फाशांवर सोळातून एकदा. ज्याचे फासे लहान, तोच सगळ्यांना जास्त वेळा गुण मिळवून देतो.

---

मोरपंखी

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. आमच्या गटातला सगळ्यात लहान मुलगा नेहमी म्हणतो, माझ्यामुळे सगळे अडकतात. त्याला दाखवते हे.

---

होन्शूकर

मी गेली काही वर्षं जपानात नागोयाजवळ राहतो. खेळ नाही खेळलो, पण त्यामागची वाट चाललोय, म्हणून लिहायचा मोह आवरत नाही.

इथे मागोमे ते त्सुमागो अशी जुन्या नाकासेन्दो रस्त्याची आठेक किलोमीटरची पायवाट आहे. वाटेत ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या आहेत, अस्वलांसाठी. चालणाऱ्याने आपण येतोय हे वाजवून सांगायचं. पहिल्यांदा मी एकटाच होतो, जोरात वाजवली, मग इतकी शांतता झाली की माझाच श्वास ऐकू येत होता. धोका होता आणि नव्हताही. @रणशिंग आणि @तिन्हीसांज यांच्या वादावर माझं मत असं : अस्वल दाखवू नका, घंटा दाखवा. वाजवायची की नाही हे खेळाडूंना ठरवू द्या.

शिवाय एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८, एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावर ५३ मुक्काम होते. त्या मुक्कामांचे सोंगट्यांचे पट छापून घरोघरी खेळले जात. फासा टाकायचा, एकेक मुक्काम पुढे जायचं आणि शेवटी क्योतोला पोचायचं. घरी बसून फाशांनी प्रवास करायची हौस इथे जुनीच आहे.

---

तुळशीमाळ

धागा वाचतोय आणि गप्प बसवत नाही. फाशांचे खेळ मला ठाऊक नाहीत, मुलगा खेळतो, त्यानेच हा धागा दाखवला. पण आळंदी ते पंढरपूर नऊ वेळा चाललोय. वाटेवर काय घडतं हा प्रश्न असेल तर थोडं सांगतो.

सकाळी पहिली विचारपूस पायांची. "पाय कसे?" नाव नंतर. फोड आला असेल तर जुना माणूस सुईत दोरा ओवतो, फोडातून काढतो आणि दोरा आतच राहू देतो, म्हणजे पाणी झिरपून जातं. ज्याने तो दोरा ओवला तो त्या वारीपुरता तुमचा सोयरा झाला. दुपारी विसावा. कुठल्या झाडाखाली, कोणी ताक दिलं, कोणाच्या अंगणात पाठ टेकली, हे वर्षांनंतर लक्षात राहतं. दिवे घाट चढून सासवडला जायचा दिवस मोठा असतो, पण घाटाचं मला फार आठवत नाही. त्या दिवशी पुढच्या बाईने मागे वळून न बघता माझ्या हातात भिजवलेले हरभरे ठेवले, ते आठवतं.

आणि एक, जे तुमच्या खेळाला उपयोगी पडेल असं मुलगा म्हणतो. मुक्कामाला समाजआरती होते. चोपदार दंड वर करतो आणि एवढा मोठा समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. मग तिचं म्हणणं ऐकून घेतात. हरवलं-सापडलं तेही तिथेच पुकारतात. त्यानंतर आरती.

---

तिन्हीसांज

@तुळशीमाळ काका, नमस्कार. मुक्कामाच्या फाशाआधी 'हरवलं, सापडलं, तक्रार' ही विचारणा मी पुढच्या वेळी करणारच. तीन शब्दांत दिवसभराची गोष्ट खेळाडू स्वतः सांगतील.

---

खडीसाखर

मग पूर्ण खेळच वारीत का बेतू नये? वाट माहितीची, मुक्काम ठरलेले, मावशींना आणि काकांना काही समजावून सांगायला नको. जपानी ड्रॅगन वगैरे कशाला मध्ये?

---

उंबरा

मला हे नको वाटतं, आणि स्पष्ट सांगते. आमच्या घरात वारी आहे. माझे आजोबा वाखरीला पोचले की चपला काढत. त्या वाटेवर 'फासा पडला नाही, आज अर्धीच वाट झाली' असं कोणी म्हणालेलं मला सहन होणार नाही. लोकांची श्रद्धा म्हणजे नकाशा नव्हे.

---

खडीसाखर

@उंबरा, दुखवायचा हेतू नव्हता. तरी एक विचारते, आपल्याकडे भारुडात, लळितात देवादिकांची सोंगं घेतातच ना? खेळ म्हटला की हलका, असं का?

---

उंबरा

सोंग घेणाऱ्याला ती परंपरा ठाऊक असते. नवखा जीएम आणि नवखे खेळाडू यांना कुठे थांबायचं ते कसं कळणार? पायरस्ता यांनी नवख्यांसाठी विचारलंय, म्हणून म्हणते.

---

तुळशीमाळ

उंबरा ताईंचं बरोबर वाटतं. चालणं घ्या, विसावा घ्या, ताक घ्या. माउलींचं नाव माउलींपाशी राहू द्या. ड्रॅगनचं मला काही वावडं नाही. पण तो करतो काय?

---

सातूपीठ

@तुळशीमाळ काका, ड्रॅगनचं सांगते. या खेळात जीएमचंही एक पात्र असतं. अर्धा ड्रॅगन, अर्धा माणूस, प्रवाशांच्या मागे गुपचूप चालणारा. तो त्यांच्या प्रवासाची हकिगत लिहितो आणि ती हकिगत लहान ड्रॅगनला भरवतो. गोष्टी खाऊन तो वाढतो. चार जाती आहेत : हिरवा प्रवासाच्या गोष्टींचा, निळा मायेच्या-मैत्रीच्या, तांबडा लढाईच्या, काळा कटकारस्थानांचा. जितकी सेशन्स घ्याल तितका जीएमचा ड्रॅगनही मोठा होतो. पायरस्ता, तुम्ही हिरवा घेतलाय ना?

---

पायरस्ता

घेतलाय, पण एकदाही समोर आणला नाही. लाजलो खरं तर.

---

दगडफूल

आणा हो! मांजर होऊन आणा. नदीचं नाव असलेलं.

---

पानगळ

थोडं अवांतर. ऱ्यूतामा जड वाटला तर 'वॉन्डरहोम' बघा, २०२१ चा, जे ड्रॅगन (हे माणसाचं नाव) यांनी रचलेला. फासे नाहीतच. पात्रं उंदीर, बेडूक, अस्वल अशी माणसांसारखी वागणारी प्राणिमंडळी. छोट्या दयाळू कृती केल्या की टोकन मिळतं, मोठं काही करायचं तर टोकन द्यायचं. त्यात एक जुना सैनिक आहे. त्याची तलवार कायम म्यानात. ती उपसली तर समोरचा मरतो आणि ते पात्रही खेळातून कायमचं जातं. आमच्या गटात वर्षभर ती तलवार म्यानातच आहे, आणि तरीही दर वेळी सगळे तिच्याकडे बघतात.

---

रणशिंग

@पानगळ, मी म्हणतोय तो धोका हाच!

---

गुणाकार

पण अगदी नवख्यांना फासे हवेत असं मला वाटतं. बोलायचं सुचत नाही तेव्हा हातात काहीतरी करायला मिळतं.

---

मोरपंखी

+१. आमच्याकडे पहिले दोन तास आजी फक्त फाशांचे रंग निवडत होती, आणि खूश होती.

---

चुलीपाशी

सामानाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. या खेळात प्रत्येक वस्तूला आकारमान आहे आणि ताकदीप्रमाणे ओझं ठरतं. रोजचा शिधा, पाणी, तंबू, दोरी. सगळं बसत नाही. काय मागे ठेवायचं हा पहिला निर्णय नवख्या माणसाला ताबडतोब कळतो, कारण तो त्याने आयुष्यभर घेतलाय. वस्तू 'गोंडस' किंवा 'वास मारणारी' अशीही घेता येते, किंमत बदलते. आमच्याकडे एकीने वास मारणारं कांबळं स्वस्तात घेतलं आणि पुढे कोल्ह्यांनी त्या वासाने वाट बदलली, हे जीएमने तिथल्या तिथे ठरवलं.

भूमिकाही वाटून द्या. नियमात चार आहेत : म्होरक्या, नकाशा बघणारा, शिधा-सामान बघणारा आणि रोजनिशी लिहिणारा. चार खेळाडू आहेत, चार कामं आहेत. मावशींच्या "आम्ही काय करायचं" याचं अगदी सरळ उत्तर आहे हे.

---

पायरस्ता

@चुलीपाशी, मी भूमिका वाटल्याच नव्हत्या! 'घाईत नंतर बघू' म्हटलं आणि ते नंतर आलंच नाही. मंडळी, मनापासून आभार. रविवारी रात्री इथे लिहितो.

---

उंबरा

एक राहिलं. मूल आणि वयस्क माणूस एकाच टेबलावर आहे, तर मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड ठेवा. नको ते आलं की हात लावायचा, कारण विचारायचं नाही. आमच्याकडे नदीत बुडण्याचा प्रसंग असाच थांबवला होता एकाने. का, ते आम्ही अजून विचारलेलं नाही.

---

पायरस्ता

झालं सेशन! साडेतीन तास चाललं. ठरवले होते दोन.

पुन्हा त्याच गावापासून निघालो, डोंगर काढून टाकला. शीट मराठीत लिहिल्या, चौथा गुण 'मन'. काका म्होरके, नात नकाशावाली, बायको शिधा-सामान, मावशी रोजनिशी. बायकोने तंबू मागे ठेवून लोणच्याची बरणी घेतली आणि त्यावर पाऊण तास जोरदार चर्चा झाली. मी एक शब्द बोललो नाही.

पहिला दिवस माळ, तिघांचं जमलं. काकांचं नाही. विचारलं, कशाने दमवलं? काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चालायची सवय नाही रे. बत्तीस वर्षं बसून गेलो सगळीकडे. रस्ता एवढा लांब असतो हे पायांना माहीतच नव्हतं." मी यातला एक शब्दही सुचवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी जंगल. दिशेसाठी बुद्धीचे दोन फासे टाकायचे असतात, ते नातीने टाकले आणि कमी पडले. म्हणजे अर्धीच वाट. ती रडवेली झाली होती. मी विचारलं, "वाट सोडून तू कुणाच्या मागे गेलीस?" ती म्हणाली, "कोयनाच्या." कोयना म्हणजे गावातलं मांजर. मग काय, माझा हिरवा ड्रॅगन त्याच क्षणी मांजर झाला. ही कोयना त्यांना एका पडक्या धर्मशाळेपाशी घेऊन गेली. लढाई नाही, राक्षस नाही. @होन्शूकर, धर्मशाळेच्या दारात घंटा टांगली होती. त्यांनी वाजवायची की नाही यावर मत घेतलं. दोन विरुद्ध दोन. अजून वाजवलेली नाही, तशीच टांगलेली आहे.

रात्री 'हरवलं, सापडलं, तक्रार'. तक्रार : तंबू. सापडलं : कोयना. हरवलं, यावर मावशी म्हणाली, "भीती." मी विचारलं, कसली? "तुम्हा पोरांच्यात बसून वेड्यासारखं काहीतरी बोलेन, त्याची."

मग मुक्कामाचा फासा तिनेच टाकला. दोन्हीवर एक! ठेच! नातीने टेबलावर चढून टाळ्या वाजवल्या. मावशीने स्वतःच सांगितलं की अंथरूण मुंग्यांच्या वारुळावर घातलं. चौघांना एकेक ठेच-गुण मिळाला आणि तिला तो सगळ्यांना स्वतःच्या हाताने वाटायचा होता, म्हणून शेंगदाणे वाटले.

एक्स कार्ड ठेवलं होतं, लागलं नाही. पण काकांनी ते काय आहे ते विचारून घेतलं आणि म्हणाले, असं एसटीत हवं होतं.

---

तिन्हीसांज

पडक्या धर्मशाळेच्या दारातली न वाजवलेली घंटा. पुढच्या तीन सेशन्सची सोय झाली तुमची.

---

रणशिंग

मान्य. राक्षस नको होता. घंटेवरचं मतदान पुरेसं आहे.

---

मोरपंखी

मावशींची रोजनिशी इथे टाकाल का? त्यांची परवानगी असेल तरच.

---

पायरस्ता

विचारलं. "अजून दोन पानं होऊ दे," म्हणाली. सोमवारी सकाळी तिने ती फोनवर माझ्या आईला वाचून दाखवली, सगळी.

आता पुढचं. नकाशावर नातीने मोठी नदी काढलीये आणि पूल काढलेला नाही. मुद्दाम. पलीकडे कसं जायचं? तराफा, नाव, की वळसा? काही सुचवा.

---

होन्शूकर

तोकाइदोवर ओइ नावाची नदी लागते. एदो काळात तिच्यावर पूल बांधू देत नव्हते, नावही नाही. पलीकडे जायचं तर खांदेकरी ठेवायचे. ते प्रवाशाला खांद्यावर किंवा फळीवर बसवून छातीभर पाण्यातून नेत. पाणी किती खोल आहे त्यावर दर ठरे. पाणी फार वाढलं की नदी बंद. मग दोन्ही काठांवर, शिमादा आणि कानाया गावांत, लोक पाणी उतरेपर्यंत अडकून पडत.

---

चुलीपाशी

वा! म्हणजे लोणच्याची बरणी कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न आलाच.

---

पायरस्ता

ठरलं, खांदेकरी. आणि पहिले दोन दिवस नदी बंद. दर किती ठेवायचा ते नातीलाच विचारतो, नदी तिची आहे.